पूल बंद करा, पण माणसे पलीकडे कशी जाणार ते आधी ठरवा

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र राज्य



धोकादायक पूल बंद करण्याला आमचा विरोध नाही, हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, मावळात कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला. चार माणसे गेली, पन्नासहून जास्त जखमी झाली. पूल १९९३ चा. तो धोकादायक असल्याचा फलक लागलेला होता, नव्या पुलाला पैसे मंजूर झालेले होते, आणि तरी पूल उघडाच होता. त्याच्याही आधी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. पूल बंद करायला उशीर झाला की काय होते, हे या राज्याला आता कुणी शिकवायला नको.

हे पत्र पूल बंद झाल्यानंतरच्या पहिल्या सकाळविषयी आहे.

कुंडमळ्यानंतर पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. तपासणी प्रामाणिकपणे झाली तर काही पूल बंद करावेच लागतील. ते बंद करणारा कागद कसा असतो, हे आम्हाला पाठ आहे. अमुक तारखेपासून अमुक नदीवरील पुलावरून सर्व प्रकारच्या वाहतुकीस मनाई, नागरिकांनी पर्यायी मार्गाचा वापर करून सहकार्य करावे, खाली सही आणि शिक्का. पर्यायी मार्ग किती लांब आहे, त्यावर एसटी धावणार का, सकाळी सातच्या शाळेला मुलगी कशी पोचणार, यातले एक अक्षरही त्या कागदावर नसते. गेट बसते, पुलाच्या तोंडाशी मुरमाचा ढीग पडतो, आणि खात्याच्या लेखी पूल बंद होण्याचे काम पूर्ण होते.

मी वरवंडचा, तालुका दौंड. आमचे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे, तेव्हा आमची सोय उत्तम असणार असे कुणालाही वाटेल. पुण्याला किंवा सोलापूरला जायचे असेल तर ती आहेही. महामार्ग पूर्व-पश्चिम जातो, लोहमार्गही पूर्व-पश्चिम जातो. पुण्याहून डिकसळपर्यंतची ही रेल्वे १८५८ सालची, म्हणजे या बाजूची सोय दीडशे वर्षांहून जुनी. अडचण येते ती उत्तरेला जायचे झाले की. उत्तरेला भीमा आहे आणि भीमेपलीकडे शिरूर तालुका. शिरूरमध्ये रेल्वे नाही. दौंड आणि शिरूर हे शेजारी तालुके एकमेकांना जोडले आहेत ते रस्त्याने, आणि रस्ता जोडला आहे तो पुलाने. चौफुल्यावरून न्हावऱ्याला जाणारा रस्ता पारगावला नदी ओलांडतो. आमच्या भागातल्या माणसाला शिरूरकडे जायचे तर पायाखालची वाट ही.

या पुलावरून काय काय जाते, ते एकदा उभे राहून पाहण्यासारखे आहे. रांजणगावच्या एमआयडीसीतली पाळी धरणारे कामगार जातात, कुणी कंपनीच्या बसने, कुणी मोटारसायकलवर. पलीकडच्या न्हावरे, आंधळगाव, नागरगावकडची माणसे पुण्याची गाडी धरायला केडगाव स्टेशनला येतात. केडगावच्या बाजारात कांदा येतो. पहाटे दुधाचे टेम्पो येतात, आणि दूध वळसा घालून आले तरी चालेल अशातली वस्तू नव्हे. अष्टविनायकाला निघालेल्या गाड्या मोरगाव करून रांजणगावला याच वाटेने वळतात. हंगामात या सगळ्यांच्या पुढे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालत असतात. न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना अलीकडच्या काही हंगामांत बंद राहिला. त्यामुळे शिरूरच्या उसालाही नदी ओलांडून दौंडच्या कारखान्यांची आणि गुऱ्हाळांची वाट धरावी लागली.

आता समजा, पुढच्या तपासणीत पारगावच्या पुलावर लाल शेरा पडला आणि तो बंद केला. वरवंडहून रांजणगावला कसे जायचे? एक वाट अशी, की पाटसवरून दौंड गाठायचे, दौंडच्या गर्दीतून नगर रस्त्याचा भीमेचा पूल ओलांडायचा, काष्टीकडे निघायचे आणि तिथून पश्चिमेला परत फिरायचे. म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन आपल्या जिल्ह्यात परत यायचे. दुसरी वाट उलट्या दिशेची. थेऊर फाट्यापर्यंत पुण्याकडे जायचे, लोणीकंदला नगर रस्ता धरायचा, कोरेगाव भीमाचा पूल ओलांडायचा आणि शिक्रापूरवरून रांजणगाव. ज्याने शिक्रापूरचा चौक संध्याकाळी सहा वाजता पाहिला आहे, तो ही वाट दुसऱ्याला सुचवणार नाही. नकाशावर दोन्ही पर्यायी मार्गच आहेत. चारचाकीवाला कुरकुरत का होईना, त्यांनी जाईल. बाकीच्यांचे काय?

बाकीचे बंधाऱ्यावरून जातील. भीमेवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. ते पाणी अडवायला बांधलेले, माणसांनी ओलांडायला नव्हे. पण वरून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट असते, आणि कठडा असेल-नसेल. आजही लोक त्यांवरून दुचाकी घालतात, मागे बायको आणि मध्ये पोर बसवून. पावसाळ्यात ढापे काढलेले असतात आणि वरच्या धरणांतून विसर्ग वाढला की बंधारा पाण्याखाली जातो. मोठा पूल बंद झाला की ही सगळी रहदारी तिकडे वळते. त्या दिवशी बंधाऱ्यावरून कुणी वाहून गेले, तर बातमीत लिहिले जाईल की नागरिकांनी धोकादायक मार्गाचा वापर केला. बंधारा जलसंपदा विभागाचा, त्याला जोडणारा रस्ता जिल्हा परिषदेचा, बंद केलेला पूल आपल्या खात्याचा. वाहून गेलेला माणूस कुणाच्याच खात्यात बसणार नाही.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. याच भीमेवर, खाली उजनी धरणाच्या फुगवट्यात, २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटली. सहा माणसे बुडाली, त्यांत लहान मुलेही होती. एक जण पोहून काठाला लागला म्हणून बातमी तरी लगेच कळली. ती माणसे होडीत हौसेने बसली नव्हती. समोर दिसणाऱ्या गावाला रस्त्याने जायचे तर फार मोठा वळसा पडतो आणि मध्ये पूल नाही, म्हणून बसली होती. त्याच पट्ट्यात डिकसळचा पूल आहे, इंग्रजांनी रेल्वेसाठी बांधलेला. उजनीमुळे लोहमार्ग हलला आणि जुना पूल रस्त्याच्या कामी आला. त्यावर ज्यांची वर्षे गेली, त्या इंदापूर-करमाळ्याच्या लोकांना विचारा, जड वाहनांना बंदी म्हणजे केळीच्या आणि उसाच्या भाड्यात काय होते.

भाड्याचा विषय निघालाच आहे, तर उसाचे गणित सांगतो, कारण ते मंत्रालयात कुणी मांडत नाही. तोडलेला ऊस लवकर गाळपाला गेला नाही तर वाळतो, त्याचे वजन घटते, उतारा घटतो. हा एक तोटा. दुसरा तोटा लांबून दिसत नाही. कारखाना शेतकऱ्याला देतो ती रक्कम तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा करून, आणि हा खर्च सगळ्या सभासदांवर सरासरीने पडतो. म्हणजे ट्रॅक्टरने वळशात जाळलेले डिझेल शेवटी उसाच्या बिलातून कापले जाते. ज्याचा ऊस कारखान्याच्या दारात उभा आहे, त्याच्याही. पूल दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात हा आकडा कुठेच नसतो.

मुंबईकडे पूल बंद होण्याची सवय आहे, आणि तिथून शिकण्यासारखे बरेच आहे. अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला. एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला उघडली तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल आणि हा पूल यांची उंची जुळत नसल्याचे दिसले. पूर्ण पूल उघडायला ११ मे २०२५ उजाडला. कल्याणचा पत्रीपूल ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाला, नोव्हेंबरात पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मशीद बंदरचा कर्नाक पूल २०२२ मध्ये पाडला, त्या जागी उभा राहिलेला सिंदूर पूल जुलै २०२५ मध्ये उघडला. रेल्वेच्या रुळांवर काम करायचे तर ब्लॉक मिळावे लागतात, विजेच्या तारा असतात, दोन खात्यांचे जमावे लागते, हे मान्य. तरीही सही करताना सांगितलेली मुदत आणि प्रत्यक्ष लागलेला काळ यांत किती अंतर पडते, ते या तारखांवरून कळते. तेव्हा आमच्याकडे पूल सहा महिन्यांसाठी बंद असे लिहून आले, तर आम्ही तयारी दोन वर्षांची करू. आपल्या खात्यानेही तेवढीच करावी.

पण मुंबईतल्या माणसाकडे एक आधार असतो, तो आमच्याकडे नाही. प्रभादेवीचा १९१३ सालचा पूल १२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री बंद झाला तेव्हा गाड्या दादरच्या टिळक पुलाकडे, करी रोडकडे, चिंचपोकळीकडे वळवल्या. करी रोडच्या पुलावर दुपारपर्यंत एका दिशेने आणि नंतर उलट दिशेने वाहतूक सोडायचे ठरले, पोलिसांनी त्याच्या वेळा जाहीर केल्या. त्याआधी एप्रिलमध्येच पूल बंद व्हायचा होता. रहिवाशांनी विरोध केला, आमच्या घरांचे काय ते आधी सांगा म्हणाले, आणि तारीख पुढे गेली. कोंडी झाली, माणसे वैतागली. तरी पुलाखालून लोकल धावतच होती. ज्याला गाडी नको, त्याला रेल्वे होती, बेस्ट होती, चालायला पादचारी पूल होता. पारगावच्या पुलाखालून फक्त पाणी धावते.

आमच्याशी जास्त जुळते ते गुजरातेतले उदाहरण. ९ जुलै २०२५ ला मही नदीवरचा गंभीरा पूल तुटला, वीसच्या आसपास माणसे गेली. पलीकडच्या आणंद जिल्ह्यातून अलीकडे वडोदऱ्याच्या पादरा भागातल्या कारखान्यांत कामाला येणाऱ्यांना एका दिवसात वासदवरून वळसा पडू लागला. नदीच्या एका काठाला घर, दुसऱ्या काठाला रोजगार, मध्ये एकच पूल. पादऱ्याच्या जागी रांजणगाव ठेवून पाहा. कंपनीची बस दोन महिने वळसा घालते, मग कंत्राटदार त्या गावांची माणसे घेणेच बंद करतो.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो, आणि तो मुद्दा वरवंडच्या माणसाने मांडावा असाच आहे.

संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी आमच्या गावात मुक्कामाला असते. यवतचा मुक्काम झाला की वरवंड, आणि वरवंडहून पाटस, रोटीचा घाट करून उंडवडी. कुंडमळ्याची दुर्घटना झाली त्यानंतर तीनच दिवसांनी, १८ जूनला, देहूहून पालखीचे प्रस्थान झाले. त्या काळात देशातल्या एका मोठ्या महामार्गावरची वाहने बाजूला काढली जातात आणि लाखो माणसे पायी चालतात. आणि ते जमते! कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून, कुठून कुठपर्यंत रस्ता बंद, सोलापूरकडे जाणाऱ्यांनी कुठे वळायचे, जड वाहने कुठे थांबवायची, हे सगळे आधी छापून येते. पाण्याचे टँकर कुठे भरायचे हे ठरलेले असते. १०८ ची रुग्णवाहिका, फिरते दवाखाने, फिरती शौचालये, रात्रीची वीज, एसटीच्या जादा गाड्या, सगळ्याची जबाबदारी नावानिशी वाटलेली असते. प्रांत, तहसीलदार, पोलिस, आरोग्य, महावितरण, एसटी, ग्रामपंचायत, सगळे एका बैठकीत बसतात, आणि आपले बांधकाम खातेही त्यात असते. पालखीआधी खड्डे बुजवायला तेच येते.

म्हणजे रस्ता बंद असताना माणसांची सोय कशी लावायची, हे या जिल्ह्याच्या प्रशासनाला येत नाही असे नाही. ते दरवर्षी करून दाखवते. पालखीत चूक झाली तर राज्यभर बोभाटा होतो. एका पुलावरून रोज जाणाऱ्या पाळीच्या कामगाराचा आणि सातवीतल्या मुलीचा बोभाटा होत नाही. फरक असलाच तर तेवढाच आहे, आणि तो मला दुसऱ्या कशाने समजावता येत नाही. पालखी दुसऱ्या दिवशी गावातून पुढे जाते. पूल बंद असतो दोन वर्षे.

तेव्हा आमची मागणी नवी नाही. पालखीसाठी जी बैठक होते, ती पूल बंद करण्याआधी व्हावी. सहीनंतर नव्हे. कायदाही काही वेगळे सांगत नाही. वाहतुकीवर निर्बंध घालण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ मध्ये आहे. निर्बंध एक महिन्याहून जास्त असेल तर तो राजपत्रात यावा लागतो, आणि कमी असेल तरी स्थानिक पातळीवर परिस्थितीनुसार प्रसिद्धी द्यावी असे तिथेच म्हटले आहे. प्रसिद्धी म्हणजे पुलाच्या तोंडाशी टांगलेले फ्लेक्स नव्हे. ती गावच्या चावडीवर, शाळेत, दूध संकलन केंद्रावर, एमआयडीसीच्या गेटवर आणि एसटीच्या थांब्यावर द्यायची असते, पूल बंद होण्याच्या आधी काही आठवडे.

बैठकीत काय ठरावे, याबद्दल आमचेही काही म्हणणे आहे.

पहिले म्हणजे बंद कुणाला, हे नीट ठरवा. आपल्याकडे पूल बहुतेकदा एक तर सगळ्यांना उघडा असतो किंवा सगळ्यांना बंद. चाळीस टनांचा डंपर आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई यांचे ओझे पुलाला सारखे वाटत नाही. लंडनमध्ये थेम्सवरचा हॅमरस्मिथ पूल १८८७ सालचा, भेगा आढळल्या म्हणून एप्रिल २०१९ मध्ये मोटारींना बंद केला. पुढे भेगा वाढल्या तेव्हा जवळजवळ वर्षभर पायी जाणेही बंद होते. तात्पुरते काम करून जुलै २०२१ मध्ये तो पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना परत उघडला. मोटारींना त्यानंतरही बंदच राहिला. तिथेही लोक चिडलेले आहेत, दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावर तिथेही वर्षानुवर्षे वाद चालू आहे, सगळे आलबेल नाही. पण बस एका काठाला सोडते, माणूस चालत पलीकडे जातो आणि दुसरी बस धरतो. अभियंत्याने लेखी सांगावे की या पुलाला पायी माणूस चालेल का, दुचाकी चालेल का. चालत असेल तर लोखंडी कमान उभारा, कठडे बांधा, दिवे लावा आणि तेवढ्यांना सोडा. चालत नसेल तर तसे लिहा, आम्ही वाद घालणार नाही. कुंडमळ्याला गर्दी पायी आणि दुचाकीवरच होती, हे आम्ही विसरलेलो नाही. पण हा निर्णय भाराचे गणित मांडून व्हावा, गेटला कुलूप घालणे सोपे म्हणून नव्हे.

दुसरे, तात्पुरत्या पुलाचे. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरडी कोसळल्यानंतर चूरलमला येथे सैन्याच्या अभियंत्यांनी १९० फुटांचा बेली पूल दोन दिवसांच्या आत उभा केला. कोलकात्यात सप्टेंबर २०१८ मध्ये माजेरहाट पूल कोसळला तेव्हा शेजारी कालव्यावर बेली पूल टाकून आणि रुळांवर फाटक करून साधारण महिन्याभरात वाट मोकळी केली, नवा पूल नंतर यथावकाश झाला. आपल्याकडेही एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर सैन्याने मुंबईत पादचारी पूल बांधून दिले, ते २०१८ च्या फेब्रुवारीत खुले झाले. हे काम शिकवणारे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय पुण्यात दापोडीला आहे आणि बॉम्बे सॅपर्सचे केंद्र शेजारी खडकीला. वरवंडहून दोन तासांवर. भीमेचे पात्र एका बेली पुलात मावणार नाही, एवढे आम्हालाही कळते. पण पुलाचा एखादाच गाळा कमकुवत असेल तर त्यावर तो टाकता येतो का, हे विचारायला काय जाते? नाहीतर पावसाळा संपल्यावर पात्रात सिमेंटचे पाइप टाकून मुरमाचा वळणरस्ता करता येतो. वाळूवाल्यांना तो एका रात्रीत करता येतो, हे नदीकाठच्या कुठल्याही गावात विचारा. पुलांच्या खांबांजवळची वाळू कुणी उपसली आणि खांब उघडे कसे पडले, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

वळणरस्त्यात एक खरी अडचण आहे, ती लपवत नाही. पुलाचे काम करायचे तर नदीला पाणी कमी हवे, म्हणजे दिवाळीपासून मेपर्यंत. कारखान्यांचा हंगामही त्याच दिवसांत. कामाचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकच, आणि पुलाला त्यातून सुटका नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. ऑक्टोबरात पाणी उतरले की आधी वळणरस्ता, त्यावरून भरलेली ट्रॉली जाते हे पाहायचे, मग पूल बंद. आपल्याकडे निविदेत वळणरस्ता लिहिलेला असतो, ठेकेदार पूल आधी बंद करतो आणि वळणरस्ता मोळी पडून गेल्यावर उरकतो. निविदेतच लिहा, की वळणरस्ता वापरात आल्याशिवाय पुलाच्या कामाचे पहिले बिल निघणार नाही. एवढ्या एका ओळीने बराच फरक पडेल.

जमेल तिथे तर जुना पूल पाडण्याआधी नवा शेजारी उभा करावा. सावित्रीवर ती रात्र भयंकर होती, पण कोकणचा महामार्ग तुटला नाही, कारण शेजारी दुसरा पूल उभा होता. आणि वाहून गेलेल्या पुलाच्या जागी नवा पूल ५ जून २०१७ ला, १६५ दिवसांत बांधून, खुलाही झाला. म्हणजे मनावर घेतले तर वेळ लागत नाही.

तिसरे, एसटी. पूल बंद झाला की पहिली गाडी बंद होते ती एसटी, कारण वळसा आगाराला परवडत नाही. दौंड आणि शिरूर या दोन्ही आगारांना विचारा. एसटी गेली की तिच्याबरोबर सवलतीही जातात. महिलांना अर्धे तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास, मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत पास, विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास, हे सगळे लाल गाडीत चालते. जीपवाला आणि सहा आसनीवाला पास पाहत नाही. तो बसायला जागा दिली हेच उपकार समजतो, आणि पूल बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दर वाढवतो. एसटी वळशाने धावली तरी तिकीट टप्प्यांवर आकारले जाते, सहा किलोमीटरचा एक टप्पा. नदी ओलांडायचा एक टप्पा होता, तिथे दहा-पंधरा टप्पे झाले तर अर्ध्या तिकिटालाही अर्थ उरत नाही. म्हणून पूल बंद असेपर्यंत वळशाच्या गाडीला जुन्याच अंतराचे तिकीट लागावे, पास जुनाच चालावा, आणि फरक पुलाच्या कामाच्या खर्चातून महामंडळाला मिळावा. कोट्यवधींच्या कामात तो मोठा बोजा नाही. पायी ओलांडायला परवानगी असेल तर तोडगा आणखी स्वस्त आहे. अलीकडे दौंड आगाराची गाडी, पलीकडे शिरूर आगाराची, दोन्ही तिकिटे एकच.

रेल्वेचा उपयोग मर्यादित आहे, पण आहे. पुणे-दौंड मार्गावर आमच्याजवळ केडगाव, कडेठाण आणि पाटस ही स्टेशने आहेत. पलीकडचा माणूस कसाबसा नदी ओलांडून अलीकडे आला तर गाडीने पुण्याला जाऊ शकतो. त्यासाठी एसटी गाडीच्या वेळेला स्टेशनात पोचली पाहिजे. आज दोन्हींच्या वेळा एकमेकींना ओळखत नाहीत. हे आपल्या खात्याचे काम नाही, असे आपण म्हणाल. बरोबर आहे. पण पूल बंद करणारी सही आपल्या खात्याच्या अहवालावर होते, तेव्हा बाकीच्यांना बैठकीला बोलावण्याचे काम आपलेच.

आणि दवाखाना. यवत, दौंड, न्हावरे इथे सरकारी दवाखाने आहेत. पूल बंद असताना नदीच्या कुठल्या काठावरची १०८ कुठल्या दवाखान्यात जाणार, बाळंतीण कुठे न्यायची, साप चावला तर प्रतिविषाचे इंजेक्शन कुठल्या काठाला असणार, हे गावागावात भिंतीवर लिहून लावा.

खर्चाचे म्हणाल, तर यातले बहुतेक फुकट आहे. बैठक फुकट, यादी फुकट, वेळापत्रक जुळवणे फुकट. गाळ्याची तपासणी होणारच आहे, तिच्याच कागदावर भाराचा आकडा लिहायचा आहे.

तपासणीचे अहवाल आपल्या खात्याकडे येत असतील. त्यांतल्या पुणे जिल्ह्यातल्या प्रत्येक पुलापुढे चार गोष्टी लिहून द्या. पूल बंद झाला तर पायी माणूस कुठून जाईल, एसटी कुठून जाईल, रुग्णवाहिका कुठून जाईल आणि ऊस कुठून जाईल. ज्या पुलापुढे हे चार रकाने कोरे असतील, त्याचा पर्याय या उन्हाळ्यात तयार करा. आणि ती यादी दौंड आणि शिरूरच्या तहसील कचेरीत, लोकांना वाचता येईल अशा ठिकाणी लावा, एवढी विनंती.

आपला,
वरवंड येथील एक प्रवासी
(ता. दौंड, जि. पुणे)